पाच हजार प्रश्नांचं गाईड आणि माझं शिलाई मशीन

आधीच सांगून टाकते, मी कुठलीही परीक्षा देत नाही. कराडला आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक पिकोचं आणि दोरीवर टांगलेले तयार ब्लाउज. या खोलीत बसून गेले आठ महिने मी हे जनरल नॉलेजचं गाईड ऐकलंय. वाचलं म्हणत नाही, कारण माझे डोळे सुईवर असतात. वाचते माझी भाची. ती बारावीला आहे, कॉलेजसाठी आमच्याकडे राहते आणि तिला केबीसीत जायचंय. मला जायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

गाईडचं आणि प्रकाशनाचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाचं दुकान बसायला नको. पण जांभळ्या कव्हरवर समोरासमोर दोन खुर्च्या, मधे कॉम्प्युटर आणि वरून नोटा पडतायत असं चित्र दिसलं, की समजा तेच, नाहीतर त्याचं भावंड. स्टँडजवळच्या स्टॉलवर अशी चार-पाच गाईडं होती. सगळ्यात जाड हेच, म्हणून हेच घेतलं. पानं ४१६, छापील किंमत २२० रुपये, मला १८० ला दिलं. कव्हरवर लिहिलंय: 'टीव्ही प्रश्नमंजूषा आणि सर्व स्पर्धा परीक्षांसाठी, ५००० हून अधिक प्रश्न, २०२५ ची सुधारित आवृत्ती.' यातला कुठला शब्द खरा आणि कुठला नाही, त्यावर पुढे येतेच.

पहिली तक्रार कागदाची. कागद वर्तमानपत्राचा आणि शाई बोटाला लागणारी. भाचीनं एकदा पान उलटून तसाच हात एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजपीसला लावला. 'भारतातील प्रमुख घाट' या पानाचा अंगठा सिल्कवर उमटला. तो डाग काढायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन फॉल लावून झाले असते. तेव्हापासून नियम केलाय, गाईडला हात लावायचा तर पोरीनं स्टुलावर बसायचं आणि कपड्याला शिवायचं नाही. बाइंडिंग तिसऱ्या आठवड्यात सुटलं. ते मी दाभणानं भोकं पाडून, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं टाचून घेतलं. आता ते गाईड माझ्या घरातली सगळ्यात मजबूत वस्तू आहे. पण हे गिऱ्हाइकानं का करावं?

आता आतला माल.

दुसऱ्या भागात 'एका वाक्यात उत्तरे' आहेत आणि उत्तरं धड्याच्या शेवटी एकगठ्ठा दिलीत. महाराष्ट्राच्या धड्यात कुठंतरी एक उत्तर छापायचं राहिलंय, त्यामुळे तिथून पुढे सगळं एक घर सरकलंय. पहिल्या दिवशी आम्हाला ते कळलंच नाही. भाचीनं विचारलं, "मावशी, महाराष्ट्राचा राज्यपक्षी?" मी म्हटलं, हरियाल. ती म्हणाली, "चूक. आंबा." मी मशीन थांबवलं. पुढं बघतो तर राज्यवृक्ष ताम्हण आणि राज्यफूल ब्लू मॉरमॉन, जे फुलपाखरू आहे. राज्यप्राणी काय, तर हरियाल. म्हणजे शेकरूच तेवढं झाडावरून उडी मारून गायब झालं होतं. आम्ही त्या दिवशी इतक्या हसलो की समोरच्या किराणावाल्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या. पण एखादं पोर एकटं बसून हे पाठ करत असेल तर? ते निमूटपणे 'राज्यपक्षी आंबा' घोकेल, कारण छापलंय.

कुठलंही जीके पुस्तक विकत घेण्याआधी त्यातलं आपल्या धंद्याचं पान काढून बघावं, हे मला या गाईडनं शिकवलं. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही तिथं सगळंच खरं वाटतं. म्हणून मी पोरीला सांगितलं, कापडाचं पान काढ.

कापडाचं पान होतं. 'महाराष्ट्रातील प्रसिद्ध वस्त्रे.' पैठणी म्हणजे येवला आणि पैठण, हिमरू म्हणजे औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर झालंय हे 'सुधारित' आवृत्तीला माहीत नाही), सोलापूरची चादर, सगळं ठीक. मग प्रश्न आला: 'खणाच्या कापडासाठी प्रसिद्ध गाव कोणते? (अ) येवला (ब) पैठण (क) इचलकरंजी (ड) सोलापूर.' उत्तर दिलंय क.

मी पंचवीस वर्षं खणाचे ब्लाउज शिवते. नवरात्रात ओटीच्या खणांचा माझ्याकडे ढीग येतो. खणाचं माहेर आहे गुळेदगुड्ड, कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. इरकल साडीचं इळकल गावही त्याच जिल्ह्यातलं. इरकलीवर खणाचा ब्लाउज शोभतो तो काय उगाच नाही, दोघी शेजारणी आहेत. चार पर्यायांत बरोबर उत्तरच नाही, आणि 'महाराष्ट्रातील' या मथळ्याखाली ते असणारही नव्हतं. खण अंगावर महाराष्ट्राच्या असला तरी विणला जातो सीमेपलीकडं, ही खरी प्रश्नात घालण्यासारखी गंमत. ती गाईड लिहिणाऱ्याच्या हातून निसटली, कारण त्यानं खण कधी हातात घेतलेला नाही. खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतात. ते काठ वाया न घालवता बाह्यांवर आणायचे म्हणून आमची कटिंगची सगळी कसरत असते. इचलकरंजीचं कापड वेगळं, त्याचा मान वेगळा.

पान उलटलं तर 'शोध आणि संशोधक'. शिवणयंत्र: आयझॅक सिंगर. एवढंच.

इथं मी जरा थांबते, कारण हा माझा विषय आहे. सिंगरनं १८५१ मध्ये पेटंट घेतलं आणि घराघरात मशीन पोचवलं, हे खरं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८४६ मध्ये, एलियास होवे नावाच्या अमेरिकनानं पेटंट घेतलं होतं, आणि कोर्टात हरल्यावर सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये मशीनचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या कारखान्यात सैन्याचे गणवेश शिवले जायचे. पॅरिसच्या शिंप्यांना वाटलं आपल्या पोटावर पाय येणार, त्यांनी जमाव करून कारखानाच फोडला. हे मी मोबाइलवर वाचलं तेव्हा मशीनवर हात ठेवून बसून राहिले. रेडिमेड कपड्यांची दुकानं गावात आली तेव्हा आम्हीही काय काय बोललो होतो ते आठवलं.

आणि होवेनं नेमकं काय केलं ते सांगते. हातशिलाईची सुई घ्या. नेढं कुठं असतं? मागच्या टोकाला. आता मशीनची सुई घ्या. नेढं टोकाशी असतं, जिथं सुई कापडात घुसते तिथंच. दोरा टोकापाशी ओवला की सुईला पूर्ण आरपार जावं लागत नाही. ती खाली जाते, बॉबिनचा दोरा तिच्या दोऱ्याला अडकतो आणि ती परत वर येते. मशीनच्या टाक्याला वरचा आणि खालचा असे दोन दोरे लागतात ते यामुळेच. भाचीला मी दोन्ही सुया तिच्या तळहातावर ठेवून हे दाखवलं. आता तिला 'होवे' हे नाव कधी विसरायचं नाही. गाईडमध्ये मात्र 'शिवणयंत्र: सिंगर', आणि खाली लगेच 'सेफ्टी पिन', 'झिपर', 'टाइपरायटर'. नुसती यादी. किराणा सामानाची असते तशी.

मग आमच्या गावाचं पान. कराड आमचं, तेव्हा इथं तरी चूक चालवून घेणार नव्हते. 'यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान: कराड.' नाही हो. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. कराड ही त्यांच्या शाळेची आणि राजकारणाची जागा, आणि समाधीची. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर समाधी आहे, दर वर्षी तिथं गर्दी असते, म्हणून लोकांना वाटतं जन्मही इथलाच. टीव्हीवर असा प्रश्न आला तर कराड हा पर्याय नक्की ठेवतील, फसवायला. आणि कराडचीच माणसं फसतील.

पुढची ओळ: 'खाशाबा जाधव: कोल्हापूर: कांस्यपदक.' खाशाबा आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरला ते शिकले, राजाराम कॉलेजात. तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ही गोष्ट इकडं पोराटोरांना माहीत आहे. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, तेव्हा कराड स्टेशनवरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, लिअँडर पेसचं.

'स्वतंत्र' हा शब्द इथं फार महत्त्वाचा आहे, आणि गाईडनं तोच गाळलाय. कारण १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचार्डनं भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं घेतली होती. कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज माणूस. प्रश्नात 'स्वतंत्र' असेल तर खाशाबा. नसेल आणि पर्यायात प्रिचार्ड असेल, तर पैज लावायला हरकत नाही की सापळा तिथंच आहे. शिवाय गाईड म्हणतं, 'वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारे महाराष्ट्राचे एकमेव खेळाडू.' २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं. ७२ वर्षांनी. आणि कव्हरवर लिहिलंय २०२५ ची आवृत्ती!

हे सगळं चुकांचं झालं. चुका खडूनं दुरुस्त करता येतात, मी केल्यात. माझ्याकडं कापडावर खुणा करायचा निळा खडू असतो, तो या कागदावर फार छान उमटतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

केबीसी सुरू झालं ३ जुलै २००० ला. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. सासरे, म्हणजे आमचे मामा, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. रात्री नऊ वाजता ते टीव्हीसमोर असे बसायचे जणू हॉटसीट त्यांनाच दिलीय. नवी सून म्हणून मला स्वयंपाकघराच्या दारातून बघायला मिळायचं. हर्षवर्धन नवाथे पंधराव्या प्रश्नाला पोचला, तेव्हा मामांनी आत हाक मारली, "ये गं, बस, आपला मराठी पोरगा आहे." मी पहिल्यांदा बाहेर येऊन खाली बसले. प्रश्न असा होता: यांपैकी कुणाला राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो? सॉलिसिटर जनरल, ॲटर्नी जनरल, कॅबिनेट सेक्रेटरी, चीफ जस्टिस. मामा ठामपणे म्हणाले, चीफ जस्टिस. नवाथे म्हणाला ॲटर्नी जनरल आणि एक कोटी घेऊन गेला. पहिला करोडपती. मामा पुढचे दोन दिवस फार बोलले नाहीत.

आता या गाईडमध्ये राज्यघटनेचा धडा काढा. लिहिलंय: 'महान्यायवादी (ॲटर्नी जनरल): कलम ७६.' बरोबर आहे. कलम ७६ नं त्यांची नेमणूक होते. पण संसदेत बोलण्याचा, भाग घेण्याचा हक्क देतं ते कलम ८८, आणि तिथंही मत द्यायचा हक्क नाही. ही गंमत गाईडमध्ये नाही. म्हणजे एका ओळीत नाव आणि नंबर पाठ केलेला माणूस २००० साली त्या खुर्चीवर बसला असता, तर ७६ आकडा त्याच्या काही कामाचा नव्हता. कोटी रुपये होते त्या पदाला काय काय करता येतं त्यात.

दुसरं उदाहरण. २०११ ला मोतिहारीच्या सुशील कुमारनं पाच कोटी जिंकले. महिन्याला सहा हजारांवर काम करणारा कॉम्प्युटर ऑपरेटर. शेवटचा प्रश्न होता, १८६८ मध्ये निकोबार बेटांवरचे हक्क इंग्रजांना विकून भारतातून कोणत्या वसाहतवाल्या देशानं काढता पाय घेतला? उत्तर डेन्मार्क. आमच्या गाईडमध्ये 'युरोपीयांचे आगमन' असं पान आहे. पोर्तुगीज, डच, इंग्रज, डेन, फ्रेंच, प्रत्येकाचं साल. डेन: १६२०, त्रांकेबार. कोण कधी आलं ते दिलंय. कोण कधी आणि कसं गेलं ते कुठंच नाही. आणि पाच कोटी जाण्यात होते.

भाचीनं त्या दिवशी डेन्मार्कचं धरून शोधत शोधत काय काढलं ऐका. बंगालमधलं श्रीरामपूर हेही डॅनिश लोकांच्या ताब्यातलं. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात काम करू देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरी तिकडे जाऊन राहिला आणि तिथं त्यानं छापखाना घातला. आणि १८०५ मध्ये मराठी भाषेचं व्याकरण त्या छापखान्यात छापलं गेलं. मराठीचं छापील व्याकरण, बंगालात, डॅनिश गावात! हे ऐकून मी ब्लाउजची एक बाही उलटी जोडली. उसवायला लागली, पण चालतंय.

शिलाई कशी आहे हे बघायचं तर ब्लाउज उलटा करून बघतात. वरून सगळेच नीट दिसतात. हे गाईड फक्त सुलटी बाजू दाखवतं.

पर्यायांचीही तीच गत. 'लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? (अ) बुलढाणा (ब) गोवा (क) हिमाचल प्रदेश (ड) यांपैकी नाही.' आमची मोलकरीण फरशी पुसता पुसता म्हणाली, बाई, बाकीचे जिल्हेच न्हाईत की. टीव्हीवर कधी असे पर्याय येतात का? तिथं येतील बुलढाणा, जालना, वाशिम, अकोला, म्हणजे सगळे एकमेकांना चिकटून बसलेले. टीव्हीवरचे पर्याय शेजारी असतात, परके नसतात. आणि 'यांपैकी नाही' तर तिथं मी आजतागायत बघितलेलं नाही.

फास्टेस्ट फिंगरची तर एकही पानाची तयारी नाही. हॉटसीटवर बसायच्या आधी चार गोष्टी क्रमानं लावायच्या असतात आणि घड्याळ चालू असतं. तिथंच सगळे बाद होतात. त्यासाठी आम्ही आमची सोय केली. बटणांच्या डब्यातली चार मोठी बटणं काढली: लाल म्हणजे अ, पिवळं ब, हिरवं क, निळं ड. मी चार नावं सांगायची, तिनं बटणं क्रमानं सरकवायची, आणि जी कोणी बाई मापाला आली असेल तिनं मोबाइलवर वेळ लावायचा. एका शाळेच्या बाई तर ब्लाउज घ्यायला आल्या आणि तासभर खेळत बसल्या. त्यांचा वेळ आमच्या भाचीपेक्षा दोन सेकंदांनी चांगला आहे. भाचीला ते फार लागलंय.

बटणांवर सगळ्यात जास्त वेळा लावलेला क्रम सांगते, कारण त्यामागं माझं दुःख आहे. नवरात्रात आमच्या पेठेत महिला मंडळानं केबीसीसारखा खेळ ठेवला होता. बक्षीस पाच लिटरचा कुकर. मी आठव्या प्रश्नापर्यंत गेले. प्रश्न आला, आजवर किती मराठी साहित्यिकांना ज्ञानपीठ मिळालं? मी गाईडमधलं घडाघडा म्हटलं: तीन. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा. उत्तर होतं चार. भालचंद्र नेमाडे, २०१४ सालचं ज्ञानपीठ. कुकर गेला मागच्या गल्लीतल्या वहिनींकडं. त्यांनी गाईड घेतलेलंच नाही, त्यांच्या मुलाला कॉलेजात नेमाडे होते, म्हणून त्यांना माहीत. आता आमच्याकडं बटणं सरकतात: खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. झोपेतसुद्धा.

चांगलं काहीच नाही असं नाही. धरणांचा धडा छान आहे. कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, कुठलं धरण कुठल्या नदीवर, सगळं तपासलं, एकही चूक सापडली नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही तारखेसकट आहे. आमच्या सासूबाई त्या पहाटेच्या गोष्टी अजून सांगतात, त्यामुळे तो धडा वाचताना त्यांनाही बोलवलं होतं. हा धडा कुणी दुसऱ्यानंच लिहिलाय असं माझं मत आहे. रेल्वेचाही बरा आहे, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही इंजिनं दिलीत. नुसतं 'पहिली रेल्वे: १८५३' म्हणून सोडलं नाही, म्हणून लक्षात राहिली. अक्षरही मोठं आहे. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतं.

घ्यावं का? एकट्यानं पाठ करायला घेणार असाल तर घेऊ नका. दोघं-तिघं मिळून, शंका घेत घेत वाचणार असाल तर १८० रुपयांत करमणूक वाईट नाही. सोबत मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडा ठेवा. फुकट आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या वाईत तयार होतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला. गाईडमध्ये एक ओळ असते तिथं विश्वकोशात गोष्टीचं बूड-शेंडा सापडतं. शाळेची भूगोलाची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका, ती या गाईडपेक्षा भरवशाची आहेत. पाचपैकी अडीच स्टार देते. त्यातला अर्धा धरणांना.

२०२५ च्या दिवाळीनंतर मी प्रकाशकाला चार पानी पत्र लिहिलं. पान नंबर घालून ६३ दुरुस्त्या, शेवटी खणाचा एक चौकोनी तुकडा टाचणीनं लावला, बघू तरी देत माणसाला. पोस्टात जाऊन म्हटलं, रजिस्टर करा. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, रजिस्टर पोस्ट आता राहिलं नाही ताई, स्पीड पोस्टात विलीन झालं, यंदाच. घरी येऊन भाचीला सांगितलं. तिनं निळा खडू घेतला, गाईडमधलं 'भारतीय टपाल सेवा' हे पान काढलं आणि समासात लिहून ठेवलं. ६४ वी.